न दिसणाऱ्या प्रकाशाचा कॅमेरा

वैशाखांतील एखाद्या संध्याकाळीं, दिवेलागण होऊन गेल्यावर, दिवसभर ऊन खाल्लेल्या पश्चिमेकडील भिंतीजवळ उभें राहिल्यास भिंतीला हात न लावतांही गालाला तिची ऊब जाणवते. डोळ्यांना मात्र ती भिंत काळोखांत बुडालेलीच असते. चुलीवरून उतरविलेली कढई निवली आहे कीं अजून तापलेली आहे, हें घरांतील गृहिणी तिच्यापासून चार बोटें अंतरावर तळहात धरून ओळखते. तेथेंही डोळा निरुपयोगी ठरतो. या दोन्ही प्रसंगीं कातडीला जें कळतें आणि डोळ्याला कळत नाहीं, तो एक प्रकारचा प्रकाशच होय. तांबड्या रंगाच्या पलीकडे पडणाऱ्या या किरणांना शास्त्रांत अवरक्त किरण असें म्हणतात. या प्रकाशानें आकाशाचें चित्र घेणारा कॅमेरा कसा बांधतात, आणि बांधून झाल्यावर त्याची परीक्षा कशी घेतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. माझें सारें आयुष्य वर्गांत परीक्षा घेण्यांत गेलें असल्यामुळें विषयाच्या दुसऱ्या भागाकडे माझा ओढा अधिक दिसेल; श्रोत्यांनीं तो क्षम्य मानावा.

या किरणांचा शोध सन १८०० मध्यें इंग्लंडांत विल्यम हर्शेल यांनीं लावला. १७८१ मध्यें युरेनस ग्रह शोधून काढणारे तेच हे ज्योतिषी. सूर्याकडे निरनिराळ्या रंगांच्या कांचांतून पाहत असतां, कांहीं कांचांतून उजेड थोडा पण उष्णता पुष्कळ येते, असें त्यांच्या ध्यानीं आलें. तेव्हां त्यांनीं लोलकानें सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले, आणि ज्याचा फुगा काळा केला आहे असा उष्णतामापक एकेका रंगांत ठेवून पाहिला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जातां जातां पारा अधिकाधिक चढूं लागला. आणि तांबडा रंग संपून जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नव्हतें, तेथें तर तो त्याहूनही वर गेला. या प्रयोगांतील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. हर्शेल यांनीं आणखी उष्णतामापक रंगपट्ट्याच्या बाजूला, रंग पडणार नाहींत अशा जागीं, केवळ तुलनेसाठीं ठेवले होते. ते नसते, तर खोलीच तापली असेल ही शंका कोणीही काढली असती, आणि तिला उत्तर देतां आलें नसतें. जें मोजावयाचें त्याच्या शेजारीं जें मोजावयाचें नाहीं तेंही मोजून ठेवावें, हा नियम त्या दिवसापासून आजपर्यंत या शास्त्राला सोडून गेलेला नाहीं.

आतां ज्योतिष्यांना हे किरण इतके कां हवे असतात, तें थोडक्यांत सांगतों. प्रकाशाच्या लहरींची लांबी मायक्रॉनमध्यें मोजतात; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोळ्यांना सुमारें ०.४ पासून ०.७ मायक्रॉनपर्यंतच्या लहरी दिसतात. आकाशगंगेंत ताऱ्यांच्या मधल्या पोकळींत जी बारीक धूळ पसरली आहे, ती या आंखूड लहरींना अडविते, परंतु लांब लहरींना पुष्कळ प्रमाणांत वाट देते. आकाशगंगेच्या मध्यापासून निघालेला दृश्य प्रकाश वाटेंतील धुळींत इतका जिरतो कीं, एक लाख कोटि कणांतून एखादाच आपल्यापर्यंत पोंचतो. तोच प्रकाश २.२ मायक्रॉनच्या लहरींचा असेल, तर सुमारें दहांतील एक कण येऊन पोंचतो. याच सवलतीचा उपयोग करून रायनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांनीं आपापल्या सहकाऱ्यांसह वर्षानुवर्षें त्या मध्यभागांतील ताऱ्यांचीं चित्रें घेतलीं. त्यांतील एक तारा सुमारें सोळा वर्षांत एका अदृश्य बिंदूभोंवतीं प्रदक्षिणा घालतो असें दिसून आलें, आणि त्या बिंदूच्या ठिकाणीं सुमारें चाळीस लक्ष सूर्यांइतकें वस्तुमान एकवटलें आहे असें गणितानें ठरलें. या कार्याबद्दल त्या दोघांस २०२० सालच्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. कॅमेरा अवरक्त प्रकाशाचा नसता, तर तेथें काळोखाखेरीज कांहींच दिसलें नसतें.

परंतु या प्रकाशाची एक मोठी अडचण आहे. जी भिंत आपल्या गालाला ऊब देते, तिच्यासारखीच आपल्या भोंवतालची प्रत्येक वस्तु रात्रंदिवस हे किरण सोडीत असते. साधारण आपल्या घरांतील उष्णतेच्या वस्तूचा हा प्रकाश सुमारें दहा मायक्रॉनच्या आसपास सर्वांत तीव्र असतो. म्हणजे दुर्बिणीचा आरसा, तिची नळी, घुमट, वरची हवा, जवळ उभा असलेला ज्योतिषी, आणि ज्यानें चित्र घ्यावयाचें तो कॅमेराही, हे सर्व त्या प्रकाशांत झळकत असतात. आंत दिवा पेटलेल्या कॅमेऱ्यानें, भर दुपारीं, झळकणाऱ्या दुर्बिणींतून काजव्याचें चित्र घ्यावें, तसा हा प्रकार आहे. दुर्बीण आणि हवा यांचा इलाज नंतर पाहूं. कॅमेऱ्याच्या अंगांतील दिवा मात्र आधीं विझविलाच पाहिजे. तो विझविण्याचा उपाय एकच, आणि तो म्हणजे थंडी.

ही थंडी केल्विन अंशांत मोजतात. ज्याच्याहून अधिक थंड कांहीं असूंच शकत नाहीं तें शून्य, आणि पाणी गोठतें तें सुमारें २७३. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणजे आपल्या नेहमींच्या मापानें शून्याखालीं १९६ अंशांवर. कांहीं कॅमेऱ्यांना एवढी थंडी पुरते. कांहींना पुरत नाहीं. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत तयार झालेला ‘टिरकॅम-२’ नांवाचा कॅमेरा सुमारें ३५ केल्विनवर ठेवावा लागतो; त्यासाठीं हेलियम वायु बंद नळ्यांतून पुनःपुन्हां फिरविणारें शीतयंत्र त्यास जोडलेलें आहे. या कॅमेऱ्याचा डोळा म्हणजे इंडियम अँटिमनाइड या अर्धवाहक पदार्थाची एक चकती असून तींत ५१२ ओळींत प्रत्येकीं ५१२ असे अडीच लाखांहून अधिक चित्रकण आहेत. १ पासून ५ मायक्रॉनपर्यंतचा प्रकाश तिला कळतो. आपल्या नेहमींच्या कॅमेऱ्यांतील सिलिकॉनला सुमारें १.१ मायक्रॉनच्या पुढें कांहींच कळत नाहीं, म्हणून हा दुर्मिळ पदार्थ वापरावा लागतो. मात्र प्रकाश ओळखणारा पदार्थ एक आणि मोजदाद ठेवणारा पदार्थ दुसरा, म्हणजे सिलिकॉनच, अशी अशा चकतींत दुहेरी रचना असते. आणि प्रत्येक चित्रकणाखालीं इंडियम धातूचा एक सूक्ष्म ठिपका ठेवून हे दोन थर एकमेकांस चिकटविलेले असतात.

आतां कॅमेऱ्याच्या बांधणीकडे वळूं. घरांतील थर्मास आपल्या ओळखीचा आहे. आंतबाहेरच्या दोन भिंतींमधील हवा काढून टाकल्यामुळें त्यांतील चहा ऊन राहतो. हा कॅमेरा अशाच एका धातूच्या निर्वात पात्रांत बसवितात. फरक इतकाच कीं येथें आंतली थंडी राखावयाची असते. हवा काढली म्हणजे हवेच्या वाटेनें येणारी उष्णता थांबते. परंतु पात्राची भिंत स्वतःच किरण सोडीत असते. म्हणून आंत चकचकीत धातूचे एकांत एक पडदे आणि चकाकणाऱ्या पातळ पापुद्र्यांच्या गुंडाळ्या घालतात. तिसरी वाट तारांची. विजेच्या तारा तर आंत नेल्याच पाहिजेत. पण जाड तांब्याची तार वापरली तर तिच्यावरून उष्णताही धांवत येईल, म्हणून उष्णता मंदपणें वाहून नेणाऱ्या मिश्रधातूंच्या केसासारख्या बारीक तारा वापरतात.

थंडीमुळें वस्तु आकसतात, ही गोष्ट आपण शाळेंत शिकलेलों आहों. परंतु तिचा खरा त्रास येथें कळतो. ॲल्युमिनियमचा १०० मिलिमीटरचा तुकडा द्रव नायट्रोजनाच्या थंडींत सुमारें ०.४ मिलिमीटरनें आंखूड होतो. भिंगाची कांच किंवा स्फटिक तितका आकसत नाहीं. म्हणजे खोलींत भिंग ज्या कड्यांत नीट बसलें होतें, तेंच कडें थंड झाल्यावर त्याचा गळा आंवळूं लागतें आणि भिंग तडकतें. यासाठीं भिंगें कड्यांत घट्ट न बसवितां हलक्या कमानींच्या दाबानें धरून ठेवतात, आणि प्रत्येक भाग खोलींत किती लांबीचा करावा म्हणजे थंडींत तो हव्या त्या लांबीचा होईल, हें आधीं गणितानें काढतात. निरनिराळे गाळणकांचेचे तुकडे पुढें आणणारें चाकही आंत थंडींतच फिरावें लागतें. तेथें तेल घातलें तर तें गोठून दगड होईल, म्हणून कोरडें वंगण लावतात. आणि दुर्बिणीच्या आरशाच्या कडेबाहेरून येणारी उष्णता चकतीवर पडूं नये, म्हणून किरणांच्या वाटेंत नेमक्या मापाच्या छिद्राचा एक थंडगार अडसर बसवितात.

अशा रीतीनें कॅमेरा तयार झाला, आणि येथून परीक्षा सुरू होते.

पहिली परीक्षा गळतीची. पात्रांतील हवा पंपानें काढतात, आणि बाहेरून एकेका सांध्यावर हेलियमचा बारीक झोत सोडतात. पंपाला जोडलेलें एक यंत्र केवळ हेलियमच ओळखतें. त्याचा कांटा हलला कीं तो सांधा फुटका समजावा.

दुसरी परीक्षा थंडीची. या वेळीं महागडी खरी चकती आंत न घालतां प्रथम कमी प्रतीची, सरावासाठीं ठेवलेली चकती घालणें शहाणपणाचें असतें. चकतीचे दोन थर भिन्न पदार्थांचे असल्यामुळें ते सारखे आकसत नाहींत; घाईनें थंड केलें तर मधले ठिपके तुटतात. म्हणून तासन् तास बसून अंशाअंशानें पारा उतरवावा लागतो. शिवाय पात्रांत उरलेली थोडीशी वाफ जो भाग सर्वांत आधीं थंड होईल त्यावर जाऊन गोठते. तो भाग चकती असतां कामा नये. म्हणून वाफ शोषून घेण्यासाठीं कोळशाची पुडी अधिक थंड जागीं ठेवतात. पुन्हां, चकती हाताळणाऱ्या मनुष्याच्या अंगावरील घर्षणाच्या विजेनें ती कायमची निकामी होऊं शकते, यासाठीं मनगटाला जमिनीशीं जोडलेली पट्टी बांधूनच तो कामाला बसतो.

तिसरी परीक्षा काळोखाची, आणि मला हीच सर्वांत मोलाची वाटते. गाळणचाकांत कांचेऐवजीं धातूचा बंद तुकडा पुढें आणतात, म्हणजे कॅमेऱ्याचे डोळे बांधतात, आणि मग त्याला विचारतात : आतां तुला काय दिसतें ? उत्तर ‘कांहीं नाहीं’ असें यावयास हवें. तें प्रथम कधींच तसें येत नाहीं. कांहीं चित्रकण प्रकाश नसतांही झळकत असतात. चित्राच्या एका कोपऱ्यांत फिकट उजाळा दिसतो, म्हणजे एखाद्या फटींतून किंवा स्क्रूच्या भोंकांतून बाहेरची उष्णता आंत डोकावत असते. ती फट सांपडेपर्यंत पात्र गरम करून उघडावें, दुरुस्त करावें, मिटावें, हवा काढावी, थंड करावें आणि पुन्हां पाहावें. एकेका फेऱ्याला कित्येक दिवस लागतात. या परीक्षेंत हयगय झाली तर पुढें तो झळकणारा कण तारा म्हणून नोंदला जाईल, आणि न दिसलेल्या वस्तूवर प्रबंध लिहिले जातील.

चौथी परीक्षा प्रमाणाची. दुप्पट वेळ प्रकाश दिला तर उत्तर दुप्पट आलें पाहिजे. कोठवर तें तसें येतें आणि कोठून कॅमेरा भरून जाऊन खोटें सांगूं लागतो, याची मर्यादा लिहून ठेवतात. पांचवी समतेची. सर्वत्र सारख्या उजळलेल्या पृष्ठाचें चित्र घेतलें तर कोणता चित्रकण मंद आहे आणि कोणता चलाख, तें कळतें. वर्गांतील मुलांप्रमाणेंच ते सारे सारखे कधींच नसतात. पण प्रत्येकाचा स्वभाव एकदां नोंदून ठेवला म्हणजे पुढील उत्तरें त्याप्रमाणें सुधारून घेतां येतात.

एवढें सर्व करूनही चूक राहते. हबल दुर्बिणीवर फेब्रुवारी १९९७ मध्यें ‘निकमॉस’ नांवाचा अवरक्त कॅमेरा बसविण्यांत आला. त्याची थंडी गोठलेल्या नायट्रोजनाच्या सांठ्यावर अवलंबून होती, आणि तो सांठा चार वर्षांहून अधिक पुरावा अशी योजना होती. अंतराळांत गेल्यावर तो घन नायट्रोजन थोडा ऊन होऊन प्रसरण पावला, आंतील जे भाग एकमेकांपासून दूर राहावयाचे ते टेकले, आणि त्या वाटेनें उष्णता आंत शिरूं लागली. त्याच्या तीन कॅमेऱ्यांपैकीं एकाचा केंद्रबिंदूही सरकला. जानेवारी १९९९ पर्यंत सांठा संपला आणि उपकरण मुकें झालें. मार्च २००२ मध्यें अंतराळवीरांनीं त्यावर शीतयंत्र बसविलें, तेव्हां तें पुन्हां पाहूं लागलें. एक थर्मास आंतून दुसऱ्या भिंतीला टेकला, एवढीच काय ती चूक. आणि तिनें तीन वर्षें नेलीं.

त्यापुढची जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून सुमारें पंधरा लक्ष किलोमीटरांवर राहावयाची होती. तेथें दुरुस्तीला मनुष्य जाणें शक्य नव्हतें, म्हणून तिच्या बाबतींत परीक्षांवर फार वर्षें खर्च झालीं. २०१० च्या सुमारास असें आढळलें कीं, तिच्यासाठीं तयार केलेल्या कांहीं चकत्या नुसत्या ठेवून दिल्या असतांही हळूहळू बिघडत आहेत. कारण शोधून काढण्यांत आलें, आणि सदोष चकत्या बदलून नव्या बसविण्यांत आल्या. २०१७ मध्यें संपूर्ण दुर्बीण आपल्या कॅमेऱ्यांसह अमेरिकेंतील ह्यूस्टन येथें एका प्रचंड निर्वात कोठडींत सुमारें शंभर दिवस अंतराळासारख्या थंडींत ठेवली होती. त्याच दिवसांत, ऑगस्टच्या अखेरीस, हार्वे नांवाच्या तुफानानें त्या शहराला पुरानें वेढलें. तरी काम करणाऱ्यांनीं पहारा सोडला नाहीं आणि परीक्षा पुरी केली. २५ डिसेंबर २०२१ रोजीं ती दुर्बीण अंतराळांत गेली. तिच्यांतील एक कॅमेरा ७ केल्विनहूनही थंड ठेवला जातो. तिनें पाठविलेलीं चित्रें आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलींच आहेत. त्यांच्यामागें हीं न पाहिलेलीं वर्षें आहेत.

आतां आपल्या टिरकॅमकडे परत येतों. पुण्याजवळ गिरवली येथें ‘आयुका’ संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. या कॅमेऱ्याचे आकाशाकडे पाहण्याचे प्रयोग तेथें झाले. पुढें तो नैनितालजवळील देवस्थळ येथें, सुमारें २,४०० मीटर उंचीवर असलेल्या ३.६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर चढविण्यांत आला. २०१७ सालीं ११ ते १४ मे आणि ७ ते ३१ ऑक्टोबर या रात्रीं तेथें त्याची मोजणी झाली. मधले महिने पावसाळ्याचे. त्या दुर्बिणीवर त्याला एका वेळीं आकाशाचा जो तुकडा दिसतो, त्याची रुंदी पूर्णचंद्राच्या सुमारें विसाव्या हिश्श्याइतकीच आहे. पण १६ ऑक्टोबर २०१७ च्या रात्रीं २.२ मायक्रॉनच्या प्रकाशांत ताऱ्याचा ठिपका केवळ ०.४५ विकला इतका बारीक उतरला. इंचभर रुंदीचें नाणें अकरा-बारा किलोमीटरांवरून जेवढें दिसेल, तेवढें हें माप होय.

आकाश आणि दुर्बीण यांच्या उजेडाचा इलाज सांगण्याचें मघांशीं राखून ठेवलें होतें. तो इलाज आपल्या वाण्याला पूर्वींपासून माहीत आहे. आपण तेलासाठीं घरची बरणी नेली, तर तो आधीं रिकाम्या बरणीचा धडा करतो आणि मग तेल घालतो. ज्योतिषीही तसेंच करतात. ३.६ मायक्रॉनच्या आसपास आकाशाच्या उजेडानें सेकंदाच्या अल्प भागांतच चित्रकण भरून जातात. म्हणून ते अगदीं थोड्या वेळाचीं पुष्कळ चित्रें घेतात, दर वेळीं दुर्बीण किंचित् सरकवितात, आणि ज्या ठिकाणीं आतां तारा नाहीं तेथील उजेड, ज्या ठिकाणीं आहे तेथील उजेडांतून वजा करतात. बरणी कित्येक शेर आणि तेल गुंजभर, असा तो हिशेब असतो. धडा किंचित् चुकला तर तेल नाहींसें होतें, किंवा नसलेलें तेल दिसूं लागतें.

श्रोते हो, हर्शेल यांचे बाजूला ठेवलेले उष्णतामापक आणि हा धडा यांत मला फरक दिसत नाहीं. दूरच्या वस्तूविषयीं बोलण्यापूर्वीं आपल्या उपकरणाच्या अंगांत स्वतःची ऊब किती आहे, हें मोजून तें उघडपणें वजा करणें, हीच दोघांची रीत. आपल्याकडील तरुण मुलेंमुली आज देवस्थळला आणि लडाखमधील हानले येथें थंडींत रात्री काढून हें काम करीत आहेत. त्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत क्वचित् येतात, कारण त्यांच्या कामाचा मोठा भाग, बंद डोळ्यांच्या कॅमेऱ्याला कांहीं दिसत नाहीं ना, याची खातरी करून घेण्यांत जातो. ज्या घरांत असें मूल असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं ‘नवीन काय शोधलेंस ?’ असें विचारण्याआधीं, ‘आज कोणती चूक सांपडली ?’ असें एकदां विचारून पाहावें. त्याला बरें वाटेल, आणि उत्तरही बहुधा अधिक ऐकण्यासारखें असेल.